आईने शिवलेलं पार्सल

कुरिअरच्या दुकानातला माणूस येणाऱ्या प्रत्येक बाईला, ती त्याच्याहून लहान असली तरी, मावशी म्हणायचा. थोरली कापडात शिवलेलं पार्सल घेऊन काट्यापाशी आली तेव्हा त्याने आधी तिच्या चालण्याकडे पाहिलं, पायाने एक स्टूल पुढे सरकवलं आणि मग पार्सल उलटंपालटं करून बघितलं.

"परदेशात जायचंय? मग उघडावं लागेल, मावशी. आत काय आहे ते बघितल्याशिवाय आम्हाला घेता येत नाही."

"माझ्या आईने शिवलंय ते."

"शिवलंय झकास. पण माझ्या आईने शिवलं असतं तरी उघडायला लावलंच असतं."

थोरलीने पार्सल ओढून मांडीवर घेतलं. आईला जाऊन महिना झाला होता. तिच्या हातचे शेवटचे टाके धाकटीपर्यंत जसेच्या तसे पोचवायचे, एवढं एक काम थोरलीने अंगावर घेतलं होतं आणि तेही, खरं सांगायचं तर, दातओठ खाऊन. आईचं उठवणं-बसवणं, न्हाऊमाखू घालणं, रात्री-अपरात्री चादरी बदलणं हे सगळं थोरलीने करायचं आणि पार्सल मात्र धाकटीला. ती तिकडून फोनवर रडायची. रडायला काय जातंय, असं थोरलीला वाटायचं आणि मग वाटलं म्हणून स्वतःचाच राग यायचा.

शेवटी शेवटी आईला माणसं ओळखू येत नव्हती. थोरलीला ती कामाला ठेवलेली बाई समजायची, अहोजाहो करायची. "बाई, तुम्ही जेवलात का?" असं आपुलकीने विचारायची. सुरुवातीला थोरली सांगायची, "अगं आई, मीच आहे, तुझी लेक." त्यावर आई घाबरायची, हात सोडवून घ्यायची, मला फसवू नका म्हणून रडायची. डॉक्टर म्हणाले, वाद घालू नका, त्या म्हणतील त्याला हो म्हणा. मग थोरली बाई होऊन राहिली आणि धाकटीला तिने हे कधी कळू दिलं नाही. अशाच एका दुपारी आईने उशीखालून हे पार्सल काढून तिच्या हातात दिलं.

"माझ्या लेकीला पाठवाल का हो? लांब असते. फार दिवसांत आली नाही."

"पाठवते," थोरली म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन तिने भांडी जरा जोरातच आपटली. त्या दिवशी ते कपाटात गेलं आणि तिथेच राहिलं. आई गेल्यावर मात्र तिला ते सलायला लागलं. तिने धाकटीला फोनवर सांगितलं, तेव्हा धाकटी ते लगेच पाठव म्हणून मागे लागली.

"कात्री देऊ?" दुकानातल्या माणसाने विचारलं.

"नको. मीच उसवते."

तिने केसांतली पिन काढली आणि एकेक टाका सोडवायला घेतला. मागे गिऱ्हाईक खोळंबलं होतं. त्याला त्या माणसाने चहा पिऊन या म्हणून वाटेला लावलं.

आत वर्तमानपत्राच्या चिमुकल्या पुड्या होत्या. प्रत्येकीत दोन बिस्किटं. थोरली रोज चहाबरोबर आईला द्यायची, तीच. बशी रिकामी दिसली की तिला बरं वाटायचं, चला, आज पोटात काही गेलं म्हणून. आणि पुड्यांच्या खाली लोकरीचे मोजे. लोकर थोरलीच्याच एका जुन्या स्वेटरची होती. आई दिवसभर सुया हलवत बसायची. विणत असेल, उसवत असेल, हाताला चाळा आहे, असं थोरलीने धरून चाललं होतं.

"बिस्किटं नाही जाणार," माणूस म्हणाला. "मोज्यांना हरकत नाही." त्याने दोन्ही मोजे काउंटरवर एकाला एक लावून ठेवले आणि तो हसला. "आजींच्या मापात गडबड झालीय की. हा चांगला दोन बोटं आखूड आहे."

थोरली मोज्यांकडे बघत राहिली. लहानपणीच्या दुखण्यात तिचा डावा पाय वाढायचा राहून गेला होता. दुकानात मोजे मिळायचे ते जोडीने, एकाच मापाचे. म्हणून आई तिला दर वर्षी घरीच विणून द्यायची, उजवा मोठा आणि डावा लहान. धाकटीचे दोन्ही पाय चांगले धडधाकट होते.

"गडबड नाहीये," ती म्हणाली. "बरोबर आहेत."

लांब असते ती लेक, फार दिवसांत आली नाही ती लेक, म्हणजे थोरलीच होती. ती हातभर अंतरावर बसून आईला भरवत होती आणि आई तिचीच वाट बघत होती, स्वतःच्या तोंडचं काढून तिच्यासाठी साठवत होती. किती वेळा आईने दाराकडे बघितलं असेल आणि दारातून आत आलेल्या आपल्या लेकीला बाई म्हणून हाक मारली असेल. थोरलीला रडू आवरेना. त्या माणसाने पाण्याचा ग्लास तिच्यासमोर ठेवला आणि उगाचच चिकटपट्टीचं टोक शोधत बसला.

पर्समध्ये फोन वाजला. धाकटी होती.

"ताई, पत्त्याचा कोड पाठवलाय बघ. आज निघेल ना ते? मला बाकी काही नको गं तिच्या वस्तूंतलं. हे एवढं एकच."

ते तुझं नव्हतंच, हे वाक्य थोरलीच्या अगदी ओठांवर आलं. जन्मभर जे हवं होतं ते आज तिच्या हाती आलं होतं, आणि ते सांगायला धाकटीवाचून दुसरं माणूस तरी कोण होतं?

"आज नाही, उद्या निघेल," ती म्हणाली. "आईची शाल त्यात घालायची राहिलीय."

"शाल? ती मला द्यायला सांगितली होती तिने?"

"हो. लेकीला पाठवा म्हणाली."

पलीकडे धाकटी रडायला लागली. या वेळी थोरलीला राग आला नाही. ती ऐकत राहिली आणि ऐकता ऐकता तिने मोजे आणि पुड्या एकेक करून आपल्या पर्समध्ये ठेवल्या.

"ताई, तुझं बरं आहे गं," नाक ओढत धाकटी म्हणाली. "मी मेली इथेच पडून राहिले. तू तरी शेवटपर्यंत होतीस तिच्याजवळ. लेक जवळ आहे एवढं समाधान तरी घेऊन गेली ती."

"हो," थोरली म्हणाली. "होते ना मी."