‘इतर’चा रकाना

“हा आकडा खोटा आहे,” सेनापती म्हणाला आणि आकडेबाईंनी छापून आणलेला कागद त्याने मेजावरून परत भिरकावला. कागद घसरत येऊन त्यांच्या मांडीवर पडला.

“आणि तुमचा खरा कशावरून?”

“विक्री आम्ही आणतो, मॅडम. तुम्ही नुसती मोजता. तीही धड नाही.”

दर सोमवारचं हे भांडण. कंपनीचा धंदा सांगायला सोपा होता. मोठ्या दुकानांच्या जाहिराती लहानसहान संकेतस्थळवाल्यांच्या पानांवर लावायच्या, आणि तिथल्या लिंकवरून जाऊन कुणी काही विकत घेतलं की त्या संकेतस्थळवाल्याला दलाली द्यायची. जाहिरातींच्या मोहिमा चालवणारा विभाग खिडक्यांच्या बाजूला बसायचा. त्यांच्या प्रमुखाच्या तोंडी सारखे ‘हल्ला’, ‘आघाडी’, ‘काबीज’ असले शब्द, म्हणून तो सेनापती. कुणाच्या लिंकवरून किती विक्री झाली त्याचा अहवाल काढणारा विभाग स्वच्छतागृहाच्या बाजूला होता. विभाग कसला, एकट्या आकडेबाईच. अकरा वर्षं. दोन्ही बाजूंमध्ये विस्तव जात नव्हता आणि दोन्ही बाजूंचे आकडे कधी जुळत नव्हते.

त्या सोमवारी मोठ्या साहेबांनी मेजावर थाप मारली. “पुरे! आता एकच सिस्टिम. मोहीमही तिच्यातूनच चालेल आणि अहवालही तिच्यातूनच निघेल. एक पडदा, एक आकडा. बाई, तुमचे सगळे नियम तीन आठवड्यांत लिहून द्या.”

“आणि नंतर मी काय करायचं?”

“नंतरचं नंतर बघू.”

मागच्या खुर्च्यांवर कुणीतरी खुदकन हसलं.

दुसऱ्या दिवशी आकडेबाईंचं टेबल उचलून खिडक्यांच्या बाजूला नेलं. खिडकी मात्र मिळाली नाही, प्रिंटरशेजारचा कोपरा मिळाला. येणारे-जाणारे आपले रिकामे कप त्यांच्या टेबलावर ठेवून जात. एकदा सकाळी त्यांच्या पडद्यावर कागद चिकटवलेला होता: ‘येथे चुकीचे आकडे मिळतील.’ त्यांनी तो काढला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर दिवसभराचं कच्चं काम केलं.

नवी सिस्टिम बांधायला बाहेरून एक मुलगी आली होती. तिला कुणाच्या भांडणाशी देणंघेणं नव्हतं. आकडेबाई नियम सांगत, ती टाइप करी. आठ दिवस काम सुरळीत चाललं. नवव्या दिवशी घोडं पेंड खायला लागलं.

“मॅडम, हा ‘इतर’ रकाना कसला?”

“ज्या विक्रीचा धनी सापडत नाही तिचा. प्रत्येक संकेतस्थळवाल्याचा क्रमांक लिंकमध्येच असतो ना? कधीकधी विक्री होते, पण क्रमांक कोरा येतो. मग मी शोधत बसते. नाहीच सापडला तर ‘इतर’.”

“मग त्याची दलाली कुणाला?”

“कुणालाच नाही. कंपनीकडे राहते.”

“पण कोरा येतोच का?”

आकडेबाईंनी खांदे उडवले. त्यांना ते ठाऊक नव्हतं. मोहिमांच्या नोंदी त्यांना कुणी कधी दाखवल्या नव्हत्या, आणि त्यांनीही हट्ट धरून मागितल्या नव्हत्या. आता सिस्टिम एक करायची म्हणून दोन्हीकडच्या नोंदी एकाच पडद्यावर शेजारी शेजारी उघडल्या होत्या.

अर्ध्या तासात सगळं समोर आलं. दर दोन-तीन महिन्यांनी मोहिमेचं नाव बदललं जाई. बदललं की जुन्या लिंकमधला क्रमांक गळून पडे. नाव बदललं की संकेतस्थळवाल्यांना नवी लिंक पाठवायची असे, त्यासाठी एक छोटा चौकोन येई, ‘भागीदारांना कळवा’. बड्या संकेतस्थळांच्या बाबतीत त्यात खूण होती. लहानांच्या बाबतीत प्रत्येक वेळी तो मोकळा सोडलेला होता. धनी नसलेली ती विक्री मग सेनापतीच्या अहवालात ‘आमची थेट विक्री’ म्हणून चढायची. आकडे जुळत नव्हते ते यामुळे.

अशी एक्केचाळीस नावं होती. पहिलंच नाव मास्तरांचं.

मास्तर म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक. बायकोला पक्षाघात झाल्यावर तिच्यासाठी चाकांची खुर्ची कोणती घ्यावी, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून गादी कोणती, हे धडपडत शिकले आणि तेच दुसऱ्यांसाठी लिहायला लागले. दोन वर्षं ते दर महिन्याला फोन करत होते. “बाई, लोक मला कळवतात, तुमच्या पानावरून खुर्ची घेतली म्हणून. मग तुमच्याकडे शून्य कसं?” आणि दर महिन्याला आकडेबाई सांगत होत्या, “आमच्या नोंदीत नाही हो, मास्तर.” एकदा तर कंटाळून म्हणाल्या होत्या, “तुमचे वाचक वाचतात, घेत नाहीत.” त्यानंतर फोन बंद झाला.

त्या प्रत्येक खुर्चीची नोंद समोर होती.

पुढच्या सोमवारी त्यांनी सगळं भिंतीवरच्या पडद्यावर लावलं. आवाज चढवला नाही. मोहिमांच्या तारखा दाखवल्या, मोकळे चौकोन दाखवले, एक्केचाळीस नावं वाचली.

सेनापती खुर्चीत मागे रेलला. “छान. पण या माणसांना दोन-दोन वर्षं ‘नाही’ कोण म्हणत होतं, मॅडम? प्रत्येक अहवालाखाली नाव कुणाचं आहे? माझं?”

तो खोटं बोलत नव्हता.

“झालं ते झालं,” मोठे साहेब म्हणाले. “एक तारखेपासून नवी सिस्टिम सुरू. मागचं उकरायचं नाही. तो रकाना काढून टाका.”

“रकाना काढते, साहेब. पण या लोकांना कळवायला हवं.”

“कुणालाही काहीही कळवायचं नाही. समजलं?”

“समजलं.”

घरी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. ते लिफ्टदुरुस्तीच्या कामाला होते, मोजकं बोलणारे. “नोकरी जाईल,” ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “जाऊ दे. पण सगळ्यांचं एकच पत्र काढू नकोस. ज्याचं त्याला लिही.”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे उठून गेल्यावर आकडेबाई लिहायला बसल्या. प्रत्येकाला वेगळी मेल. तुमची विक्री झाली होती, या या तारखांना झाली होती, ती ‘इतर’मध्ये मी टाकली. ‘आमच्याकडून’ हा शब्द त्यांनी एकदा लिहिला आणि खोडून ‘माझ्याकडून’ केला. खाली पूर्ण नाव.

सतरावी मेल गेली तेव्हा पाठीमागे बूट वाजले.

“काय चाललंय?” सेनापती.

“काम.”

त्याने पडदा वाचला. त्याचा चेहरा पांढरा पडला आणि मग लाल झाला. “तुम्हाला काय वाटतं, ते लोक हार घालतील तुम्हाला? सगळ्यात आधी तुमच्याच तोंडावर थुंकतील!”

“थुंकू देत,” आकडेबाई म्हणाल्या आणि अठरावी लिहू लागल्या.

त्याने तिथूनच मोठ्या साहेबांना फोन लावला. अठराव्या मेलची दुसरी ओळ अर्धी झाली असताना पडदा काळा झाला आणि पासवर्ड विचारू लागला. त्यांचा पासवर्ड आता चालत नव्हता. पंधरा मिनिटांत त्यांच्या हातात एक लिफाफा पडला. कुणी निरोप द्यायला उठलं नाही. सिस्टिमवाल्या मुलीने तेवढी मान वर केली आणि परत खाली घातली.

नवऱ्याला फोन करून बसथांब्याच्या बाकावर त्या टेकल्या तोच मोबाइल वाजला. मास्तर.

“हे पत्र तुम्ही लिहिलंत?”

“हो, मास्तर. माझी चूक—”

“दोन वर्षांपूर्वी लिहायचं होतंत. पान बंद केलं मी. एका गोदामावर पहारेकरी म्हणून बसतो आता. ती दिवसभर घरात एकटी पडून असते. पाणी प्यायचं तर मी येईपर्यंत थांबते.” पलीकडे ट्रक मागे घेतल्याचा आवाज येत होता. “पत्र वकिलाला दाखवीन. ते खरं आहे ना? की यातही काही ‘इतर’ आहे?”

“खरं आहे. लागलं तर मी येईन सांगायला.”

फोन ठेवला गेला. आकडेबाईंनी पर्समधून पेन काढून लिफाफा मांडीवर उलटा ठेवला आणि राहिलेली नावं आठवून लिहू लागल्या. लहान मुलांच्या बुटांवर लिहिणारी ती बाई. तंबू आणि दोरांवर लिहिणारे दोघे भाऊ. घराच्या पत्त्यासकट काही, नुसत्या टोपणनावाने काही. चोवीस हवी होती. तेवीस झाली.

नवऱ्याची स्कूटर येऊन समोर उभी राहिली. त्यांनी बायकोच्या हातातला लिफाफा पाहिला.

“चल.”

“थांबा जरा. एक आठवत नाहीये.”

त्यांनी स्कूटर कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.