व्याही डोंगर उतरतात

“तुम्ही आधी.”

“छे, छे. आधी तुम्ही.”

दोन्ही व्याही उभे होते तिथे डोंगराच्या धारेची रुंदी जेमतेम दोन फूट होती. डावीकडे दरी, उजवीकडे दरी आणि समोर खोल खाली समुद्र. मानपानासाठी इतकी अडचणीची जागा आजवर कुठल्याही लग्नात निघाली नसेल.

खरं तर ते अजून व्याही झाले नव्हते, व्हायचे होते. गुणवंतरावांची ईश्वरी आणि प्रल्हादरावांचा शार्दूल यांनी एकमेकांना परस्पर पसंत करून टाकलं होतं, आणि दोन्ही घरांची पहिली भेट एखाद्या हॉटेलात न ठेवता दुबईपासून दूर, फुजैराजवळच्या या काळ्या डोंगरावर ठेवली होती. म्हणे बाँडिंग होईल. दोन्ही आया, शोभनाताई आणि स्मिताताई, शहाण्या. त्या गाड्या आणि पोह्यांचा डबा घेऊन खाली किनाऱ्यावर थांबल्या होत्या.

मुलाच्या बापाला मागे टाकून पुढे जायचं हे गुणवंतरावांना जमण्यासारखं नव्हतं. प्रल्हादराव बँकेत कम्प्लायन्सचे मोठे अधिकारी. “मानपान वगैरे आमच्याकडे खलास,” असं त्यांनी फोनवरच सांगितलं होतं, त्यामुळे ते मागे राहण्यावर ठाम होते. मात्र त्यांचा आधुनिकपणा आज जरा जास्तच घामेजला होता.

“अंकल, प्लीज, समबडी मूव्ह,” पुढून शार्दूल ओरडला.

गुणवंतरावांना उंचीचं काही नव्हतं. सव्वीस वर्षं ते दुबईत लिफ्ट दुरुस्त करत होते. तिसाव्या मजल्यावर लिफ्टच्या टपावर बसून त्यांनी कितीदा तरी डबा खाल्ला होता. भीती होती ती तोंड उघडायची. सकाळी दुबईतल्या सिलिकॉन ओएसिसच्या घरून निघताना ईश्वरीने गाडीत बजावलं होतं, “बाबा, आय टोल्ड देम यू आर अॅन इंजिनिअर. सो प्लीज, तुमचं ते अल क्वोजचं वर्कशॉप वगैरे नको.”

तिची आई शोभनाताई खिडकीबाहेर बघत राहिल्या. गुणवंतराव ‘बरं’ म्हणाले आणि त्यांनी रेडिओचा आवाज वाढवला. त्यांना वाईट वाटलं होतं, फार वाईट. पण पोरगी शार्दूलचं नाव काढलं तरी लाजत होती, आणि आपल्या एका शब्दाने सगळं फिसकटलं तर तिला तोंड कसं दाखवायचं? म्हणून चढताना दोन तास ते फक्त हवेबद्दल बोलले. हवा छान आहे हे प्रल्हादरावांना चार वेळा कळलं.

शेवटी प्रल्हादराव पुढे झाले, दहा पावलं गेले आणि खाली बसले. तिथून वीस फुटांचा उभा खडक उतरायचा होता. मुलं शेळ्यांसारखी सरसर उतरून खाली वाट बघत होती.

“शार्दूल म्हणत होता, हा ज्वालामुखीचा दगड आहे,” प्रल्हादराव बसूनच म्हणाले. “समुद्राच्या तळातून वर आलेला. इंटरेस्टिंग आहे. जरा बघतो.”

पाच मिनिटं ते दगड बघत राहिले. दोन्ही हातांनी गच्च धरून.

“चक्कर येतेय का?” गुणवंतरावांनी विचारलं.

“चक्कर नाही हो. पाय ऐकत नाहीत.” मग आवाज उतरवून, “स्मिताला सांगू नका. मी रोज ट्रेडमिल करतो.”

गुणवंतरावांमधला मुलीचा बाप तिथेच बाजूला झाला आणि फोरमन पुढे आला.

“दरीकडे पाठ करा. तोंड खडकाकडे. मी खाली उतरतो, तुमचं पाऊल मी ठेवीन. दोन हात, दोन पाय, यांतले तीन टेकलेले पाहिजेत, एकच हलणार. डावा सोडा. अजून. यल्ला, चला, टेकला.”

मुलीच्या बापाने व्याह्याचे पाय इतके घट्ट क्वचितच धरले असतील.

“हे कुठे शिकलात?” खडकाला गाल लावून प्रल्हादरावांनी विचारलं. “इंजिनिअरिंगला असतं का?”

“सांगलीच्या आयटीआयला फिटर झालो. उजवा पाय. मी लिफ्ट मेकॅनिक आहे. शाफ्टच्या शिडीवर नवी पोरं घाबरली की अशीच उतरवतो. आता डावा.”

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. पण आपल्या हातावर भार टाकून लटकलेल्या माणसाशी त्यांना खोटं बोलवलं नव्हतं. खाली ईश्वरीचा चेहरा खर्रकन उतरला.

“मग बरंय,” प्रल्हादराव म्हणाले. “इंजिनिअरने आधी प्रेझेंटेशन दाखवलं असतं.”

किनाऱ्याची सपाट वाळू लागताच मात्र प्रल्हादरावांना त्यांचा हुद्दा परत मिळाला. पोह्याची बशी हातात घेऊन त्यांनी विचारलं, “पण ईश्वरी, तू तर वडील इंजिनिअर आहेत म्हणाली होतीस ना?”

स्मिताताईंचा हात डब्यातच थांबला. मुलगी खोटं बोलते की काय, हा प्रश्न त्यांच्या कपाळावर स्पष्ट उमटला.

“आय...” ईश्वरी म्हणाली आणि अडकली.

“तिची चूक नाही,” गुणवंतराव म्हणाले. “मीच तिला लहानपणापासून तसं सांगत आलो. शाळेच्या फॉर्मवरही तेच लिहायचो. तिला आज कळलं.”

शोभनाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते सगळे फॉर्म त्यांच्यासमोर भरलेले होते. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात हा माणूस दर वर्षी मोठ्या अक्षरांत ‘लिफ्ट मेकॅनिक’ लिहायचा.

“असू दे. वाटतं माणसाला तसं,” प्रल्हादराव म्हणाले आणि त्यांनी गुणवंतरावांच्या खांद्यावर थोपटलं. ऑफिसात चहा देणाऱ्याला ईदच्या दिवशी थोपटतात, तसं.

गुणवंतराव पाण्याच्या कडेला जाऊन बुटांच्या नाड्या सोडत बसले. लग्न वाचलं होतं. खांदा मात्र अजून जड लागत होता. मागे पावलं वाजली. ती त्यांच्याकडे यायच्या ऐवजी डब्याकडे वळली.

“काकू,” ईश्वरी स्मिताताईंना म्हणत होती. मराठी शब्द शोधत, एकेक जुळवत. “बाबा आत्ता खोटं बोलले. मला वाचवायला. इंजिनिअर मीच म्हणाले होते. मला लाज वाटत होती.”

गुणवंतराव एक बूट हातात धरून समुद्राकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि व्याह्यांपुढे त्यांना ते पुसायचे नव्हते.