हिरवी राहिलेली ओळ

आमच्या वाळूत डाळिंब येईल असं कुणी म्हटलं असतं, तर मामंजींनी त्याला वेड्यात काढलं असतं. त्यांचा जन्म मेंढ्यांमागे गेला. पाणी दिसलं की आधी जनावरांना पाजायचं, मग आपण प्यायचं, एवढंच त्यांचं शास्त्र. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचे हे, ट्रकवर. घरात यांच्यापेक्षा यांचे कपडेच जास्त राहिले.

मग कालव्याचं पाणी आलं. मेंढ्या विकून आम्ही वाळूत खड्डे घेतले, डाळिंब लावलं. झाडं बहाराजोगी झाली तशी यांनी ट्रकवरून सुट्टी घेतली आणि आम्हा दोघांसमोर शब्द दिला, की पहिला बहार चांगला आला तर ट्रक कायमचा सोडणार. नाही आला तर गाडीचा मालक बोलावतच होता.

बहार धरायचा तर डाळिंबाला आधी ताण द्यावा लागतो. ठिबकचा कॉक बंद, पाण्याचा थेंब नाही. पानं पिवळी पडून गळतात, आणि मग पाणी सोडलं की झाड कळ्यांनी भरतं. हे यांनी मामंजींना सांगितलं होतं खरं, पण मोटरसायकलला किक मारता मारता. यांचं सांगणं नेहमी असंच!

पानगळ सुरू झाली तशी मामंजींचं जेवण तुटलं. विचारलं तर म्हणायचे, "भूक नाही."

एके दिवशी बघतो तर सगळी बाग पिवळी आणि कुंपणाकडची एक ओळ हिरवीगार, वर नवी पालवी. दुपारी आम्ही आडवे झालो की मामंजी टाकीतलं पाणी बादलीनं नेऊन घालत होते. यांचं डोकंच फिरलं.

"बाबा, ताण मोडलात! या ओळीला आता कळी यायची नाही. कुणी सांगितला होता हा उपद्व्याप?"

मामंजी बादली पोटाशी धरून उभे होते.

"झाडं मरायला लागली होती रे. बाग गेली की तू परत गाडीवर जाणार. सगळ्या बागेला पाणी घालायचं मला झेपेना. म्हटलं, एक ओळ तरी जगवू. तेवढ्यासाठी तरी थांबशील."

बादली हातातून घेतली आणि तिथंच वाळूत बसून यांनी वडलांना ताण म्हणजे काय ते सावकाश, पहिल्यापासून समजावलं. मी इतक्या वर्षांत यांना एवढं नीट बोलताना पाहिलं नव्हतं.

पुढं पाणी सोडलं आणि बाग लालभडक कळ्यांनी लदबदली. हिरवी ओळ तेवढी नुसत्या पानांची. फळं मोठी झाली, व्यापारी बघून सौदा ठरवून गेला. त्याच संध्याकाळी यांनी ओसरीवरून मालकाला फोन लावला. "दुसरा ड्रायव्हर बघा, मी येत नाही."

मामंजी शेजारीच बसले होते. त्यांना भिंतीपलीकडचं कुजबुजणंही ऐकू येतं.

"काय म्हणालास?"

"जात नाही म्हटलं, बाबा."

"ऐकू नाही आलं. परत सांग."

यांनी परत सांगितलं. मामंजींनी दुसरा कान पुढं केला.