गाळलेली हवा

प्राचीनं यंत्राचं झाकण इतक्या जोरात ओढलं, की विश्वजीतनं घाईनं मध्ये हात घातला.

"आवं मॅडम, जरा दमानं. मोडलं तर दुसरं मिळायचं न्हाई."

"मोडू दे. असंही खोटंच बोलतंय."

साताऱ्यातल्या विश्वजीतच्या कॉलेजची गच्ची होती ती. यंत्रातला पंप दिवसरात्र हवा आत ओढायचा, आत चिकट पट्टीचा डबा सावकाश फिरायचा, आणि हवेतले परागकण, बुरशीचे बीजाणू त्या पट्टीला जाऊन चिकटायचे. असंच एक यंत्र सांगलीत प्राचीच्या घरावर होतं. दोघंही वनस्पतिशास्त्र शिकवायचे, दोन्ही गावांच्या हवेतली बुरशी मोजायचं हे काम दोघांनी मिळून घेतलं होतं. आता पावसाळा सरताना आकडे आले, आणि प्राचीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साताऱ्याच्या हवेत बुरशी जास्त आणि सांगलीच्या हवेत कमी!

सांगलीत तिच्या घरामागे दोन गल्ल्या सोडून कारखान्यानं उसाच्या चिपाडांचा डोंगर रचला होता. पावसात भिजून तो काळा पडला होता. त्या वासानं गल्लीतली माणसं दारं लावून बसायची. तिच्या सासूबाई, चंदनबाला, श्रावणापासून खोकत होत्या. सोमवारी ढीग हलवण्याबद्दल बैठक होती, आणि हे आकडे घेऊन कारखान्याचा साहेब तिथं तोंडावर हसला असता.

तिनं गच्चीचा कोपरान् कोपरा पाहिला. शेण, ओला कचरा, कुजका पाला, काहीतरी सापडायलाच हवं होतं. काही नव्हतं. गच्ची लख्ख होती, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

विश्वजीतनं सगळं बघू दिलं. मग म्हणाला, "आमचा आकडा दर पावसाळ्यात असतो तेवढाच हाय. तुमचा बघा की. दिवसा बुरशी दिसतीय आन् रात्री एकदम गायब. रात्री काय ढीग झोपायला जातो व्हय?"

"माझ्या घरावरचं यंत्र आहे ते, सर. पट्टी मी स्वतः बदलते."

"म्हणून तर म्हणतोय. घरचं हाय, म्हणून तुमी कवा संशयच घेतला न्हाई."

ती तरातरा जिना उतरली. एसटीत उंब्रज गेलं, कराड गेलं, तिच्या कपाळावरची आठी काही गेली नाही. मनातल्या मनात ती विश्वजीतला फाडून खात होती. आपलं चुकलं नाही, या एका गोष्टीला ती सांगलीपर्यंत घट्ट धरून बसली.

घरी पोचली तेव्हा दिवेलागण होत होती. एरवी या वेळी ती कॉलेजातच असायची. चप्पल न काढताच ती गच्चीवर चढली.

चंदनबाला यंत्रापुढं वाकून उभ्या होत्या. जैन घरातलं पाणी गाळायचं दुपदरी पांढरं फडकं त्यांनी यंत्राच्या तोंडावर ताणून धरलं होतं आणि मागून नाडीची गाठ मारत होत्या. सवयीच्या हाताची, नेटकी गाठ.

"आई! हे काय करताय?"

त्या दचकल्या नाहीत. "रोजचंच की. चातुर्मास हाय, किडं लय झाल्यात. रात्री तुझ्या त्या डिंकाला चिकटून मरत्यात बिचारी."

"रोज बांधता?"

"दिवं लागलं की बांधायचं, उजाडलं की सोडायचं. पानी आपण गाळून घेतोच की. तसंच हे. हवा जाती आत, जीव तेवढं भाईर ऱ्हात्यात."

प्राचीचा तोल सुटला. "अख्खा पावसाळा पाण्यात घातलात माझा! माझा, आणि या गल्लीचाही! तुमच्यासाठी भांडतेय मी, आई, तुमच्या खोकल्यासाठी! आणि तुम्हीच त्या ढिगाला वाचवत बसलात!" आवाज इतका चढला, की समोरच्या गच्चीवरची बाई कपडे काढता काढता थांबली. लग्न होऊन आल्यापासून सासूबाईंवर ती अशी कधी ओरडली नव्हती.

चंदनबालांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि त्यांना उबळ आली. कठड्याला धरून त्या बराच वेळ खोकत राहिल्या. रागातच प्राचीनं त्यांची पाठ चोळली. मग तिनं यंत्रावरची गाठ सोडली. फडक्यावर यंत्राच्या तोंडाएवढा बुरशीचा करडा गोल डाग उठला होता.

"हे धुता तुम्ही?"

"धुवून कसं चालंल? मरतील की. पान्यातलं जीव आपण आडात परत सोडतो न्हवं? तसंच सकाळी हितं मोगऱ्यावर झटकती. हळूच, अशी." त्यांनी दोन्ही हात तोंडासमोर धरून अलगद हलवून दाखवले.

प्राचीची नजर त्या हातांवरून त्यांच्या नाकातोंडाकडं गेली.

"श्रावणापासून?"

"त्याच्या आदीपासनं. चातुर्मास लागल्यापासनं."

तिनं पिशवीतून नमुन्याची कोरी पिशवी काढली. फडक्याच्या कडा आत घेत, श्वास रोखून, डाग आतल्या बाजूला राहील अशी घडी घातली.

"अगं, झटक की आधी," चंदनबाला कळवळून म्हणाल्या. "जीव असतील त्यात."

"आहेत, आई," प्राची म्हणाली आणि पिशवीचं तोंड घट्ट बंद केलं. "सोमवारी तेच दाखवायचेत त्यांना."