येलंडच्या चांगुलपणाची साक्ष

एक्झेटरच्या न्यायालयात, राजा जॉर्जच्या नावाने, दोन माणसे पिंजऱ्यात उभी होती: विणकर अॅम्ब्रोझ येलंड आणि मोळीविक्या जॉब टकेट. पाव दुपटीने महागल्यावर गावाने गिरणीवाल्याच्या गाड्या अडवल्या आणि गहू जुन्या भावाने बाजारात विकून टाकला. त्या दंग्याबद्दल हे दोघे पकडले गेले. शिक्षा फाशीचीच होती. मात्र चालचलणुकीची साक्ष बरी पडली, तर न्यायाधीश जीवदान देऊन समुद्रापार धाडीत असत. त्या आशेवर अॅम्ब्रोझची बहीण हेस्टर बारा मैल चिखल तुडवीत आली होती.

"भावाविषयी काय सांगशील?" न्यायाधीशांनी विचारले.

"साहेब, त्याच्याइतका सरळ माणूस नाही. लोक तर लुटायलाच निघाले होते. हा गाडीवर चढला, म्हणाला, 'चोरी करायची नाही, ओळीत या.' माप त्यानंच धरलं. दाणा सांडू दिला नाही. आलेले पैसे गिरणीवाल्यांच्या हातात नेऊन दिले. विचारा की त्यांना!"

"दिले," गिरणीवाला नाइलाजाने पुटपुटला.

"आणि लोकांनी त्याचे ऐकले?"

"न ऐकून सांगतात कुणाला! त्याचा शब्द गावात कोणी मोडत नाही."

न्यायाधीशांची लेखणी कागदावर फिरू लागली. हेस्टरला वाटले, भाऊ वाचला. पिंजऱ्यातून अॅम्ब्रोझ हळूच म्हणाला, "हेस्टर, पुरे गं."

मग जॉबची म्हातारी आई उभी राहिली. "माझं कार्टं दारुडं आहे, साहेब. कुणीही शीळ घातली की चाललं त्याच्या मागं. त्याच्या मागं मात्र मेंढरूसुद्धा जायचं नाही."

न्यायालय हसले. न्यायाधीशही हसले.

निकाल सायंकाळी लागला. जॉबला जीवदान मिळाले. "पोती फोडणारे हात शेकडो मिळतात," न्यायाधीश म्हणाले, "ज्याच्या एका शब्दावर गाव ओळीत उभे राहते, असा माणूस राज्याला परवडत नाही." अॅम्ब्रोझला त्याच बाजारात फाशी द्यावी, असा हुकूम झाला.

"मी खरं तेच बोलले," हेस्टर म्हणाली. म्हातारीने तिचा हात धरला.

फाशीच्या दिवशी सारे गाव अॅम्ब्रोझला आणणाऱ्या गाडीवर तुटून पडले. शिपाई थोडे होते. आणखी एका रेट्यात फासाचा दोर गावाच्या हाती आला असता. अॅम्ब्रोझ गाडीवर उभा होता. शिपायांनी बंदुका रोखलेल्या त्याला दिसल्या.

"मागं सरा," तो म्हणाला. "पोरं चेंगरतील."

गाव मागे सरले. सर्वांत शेवटी हेस्टर सरली.