उष्ट्याच्या बादलीचं वजन

मी उष्ट्याची बादली बोलतेय. नाक धरू नका, ऐका.

वृद्धाश्रमाच्या जेवणघरात, दाराआड माझी जागा. आले तेव्हा निळी, चकचकीत होते. वाटलं, पिण्याचं पाणी भरतील. भरलं उष्टं. जो येतो तो ओततो आणि तोंड फिरवून जातो.

एक आजोबा तेवढे बोलायचे. इकडेतिकडे बघून ताट उलटं करायचे आणि पुटपुटायचे, "घे बाई, तूच खा. मला नाही चावत." कवळी मोडली होती. सांगितलं तर तान्ह्या बाळाचं खिमट पुढ्यात येईल, ही धास्ती.

आश्रमात आहाराच्या मॅडम आल्या. प्रत्येक पदार्थ तोलायच्या. अंगी किती लागेल आणि तो पिकवायला-शिजवायला पाणी, जमीन, जळण किती गेलं, दोन्ही फळ्यावर लिहायच्या. अंगी लागणं जास्त, खर्च कमी, म्हणून दोन्हीकडे कडधान्य पहिलं आलं. मग रोज तेच. हिशोब खरा होता, उगाच नावं ठेवणार नाही. पण होता भरल्या ताटाचा.

आजोबा वाळत चालले. मला दिसत होतं. मला तोंड आहे, तेही फक्त गिळायला.

एक दिवस स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, "मॅडम, फळ्यावर कडधान्य वर चढतंय आणि इथे आजोबांची विजार खाली घसरतेय!"

"जेवत नाहीत का?"

"ताट तर चाटून पुसून परत येतं."

मॅडमची नजर माझ्यावर आली. दोन्ही हातांनी उचलून त्यांनी मला काट्यावर ठेवलं. असं कुणी कधी उचललं नव्हतं.

"अहो मावशी, एवढं पाणी, एवढं जळण, सगळं हिच्या पोटात!"

तेवढ्यात आजोबा ताट घेऊन आले आणि थबकले.

"आवडत नाही का, आजोबा?"

"आवडतं गं पोरी. दात कुठायत?" खिशातून मोडकी कवळी काढून ते ओशाळं हसले.

दुसऱ्या दिवसापासून तेच कडधान्य मऊ शिजवून, वाटून आलं. सगळ्यांनाच, म्हणजे एकट्या आजोबांना लाज नको. आता ते बोटाने ताट पुसून खातात. गालही भरलेत.

मॅडम रोज मला काट्यावर ठेवतात, आकडा बघतात, परत दाराआड ठेवतात. बोलत नाहीत.

जेवण मोजणाऱ्यांनो, खुशाल मोजा. पण पोटात किती गेलं ते मला विचारल्याशिवाय फळा भरू नका.

आणि आजोबा, तुमच्याशिवाय इथे बोलायला कुणी नाही. फार सुनं वाटतं. पण खबरदार, ताट घेऊन परत आलात तर!