शेठची तब्येत

"आई, ह्याला मोठ्या टाकीत कुणी सोडलं?"

खांद्यावरची पर्सही न उतरवता ती माशांच्या टाकीसमोर उभी होती. स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "मीच सोडलं. टबात एकटाच होता गं बिचारा. सारखा भिंतीला तोंड लावून बसायचा."

"पण वेगळा ठेवायचा म्हणून सांगितलं होतं ना मी? नवा मासा आहे. काय घेऊन आलाय, कुणाला ठाऊक!"

"इतके दिवस राहिला की वेगळा. काय घेऊन येणार? टिकलीएवढा जीव तो."

टिकलीएवढा जीव शेपूट हलवत काचेपाशी आला आणि ती पुढे वाकली. त्याच्या गालावर पांढरं काहीतरी होतं. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची, त्यामुळे भिंग कायम पर्समध्ये असायचं. तिनं ते काढलं, काचेला लावलं. माशाच्या दोन्ही कल्ल्यांवर बारीक पांढरे दाणे होते. कुणी चिमटीनं मीठ भुरभुरवावं तसे.

मासे विकणाऱ्या काकांनी मासा देतानाच बजावलं होतं, 'पांढरे ठिपके दिसले तर हयगय नको. एकाला झालं की अख्खी टाकी जाते.'

आणि ह्या टाकीत शेठ होता.

शेठ म्हणजे तिच्या नवऱ्यानं ह्याच काकांकडून आणलेला गोल्डफिश. आणला तेव्हा करंगळीएवढा होता, आता तळहातात मावला नसता. नारिंगी अंग, सुटलेलं पोट आणि चाल अशी की जणू सारी टाकी वडिलोपार्जित. नवरा फ्रीज दुरुस्त करायचा. दिवसभर लोकांच्या घरी वाकून वाकून पाठ धरलेली असायची, पण घरी आला की आधी खुर्ची टाकीपुढे ओढायचा. शेठ वर येऊन तोंडाचा आ करायचा. "आले, शेठ वसुलीला आले," असं म्हणत तो दाणे टाकायचा. मग एका दुपारी, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात काम करता करता, 'जरा बसतो' म्हणून तो भिंतीला टेकला. तो उठलाच नाही. त्याला आता दोन वर्षं होऊन गेली होती. तेव्हापासून सासू आणि सून दोघी मिळून शेठला सांभाळत होत्या. खुर्ची अजून टाकीपुढेच होती. तिच्यावर मात्र कुणी बसत नसे.

"आई, शेठला काही झालं तर?" तिचा आवाज चढला. "तुम्हाला साधी एक गोष्ट ऐकता येत नाही? दिवसभर घरात असता, एवढं लक्ष ठेवायला सांगितलं, ते नाही जमलं! तो गेला तर काय करणार आहात?"

सासूबाई दारात आल्या. हात ओले होते, ते त्यांनी पदराला पुसले. पुन्हा पुसले. लग्न होऊन आल्यापासून सून कधी त्यांच्यावर ओरडली नव्हती.

"चुकलं माझं," एवढंच त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

नवा मासा पुन्हा टबात गेला. तिनं फोनवर फोटो काढून काकांना पाठवला. "फोटो हललाय, ताई. पण दिसतंय तर तसंच," काका म्हणाले. "जाडं मीठ घाला, औषध देतो ते घाला, आणि मोठ्यावर नजर ठेवा." औषध निळंशार. टबातलं पाणी शाईसारखं झालं आणि त्यात तो मासा पेनातून पडलेल्या निबेसारखा फिरत राहिला. कामावर जाण्याआधी आणि आल्यावर ती भिंग घेऊन टबापाशी वाकायची. दाणे वाढत नव्हते, कमीही होत नव्हते.

शेठची मात्र तब्येत बिघडली. पोट एका बाजूनं फुगलं. तो पाणवनस्पतीच्या मागे, कोपऱ्यात जाऊन राहू लागला. वसुलीला येईना. दाणे टाकले तर एखादा तोंडात घ्यायचा, बाकीचे पाण्यावर फिरत राहायचे. ती काचेवर हलकेच नख वाजवायची, "शेठ, या की. खा दोन घास." शेठ ढिम्म.

दुकानात तिचं चित्त लागेना. एका गिऱ्हाइकाची डावी काच उजवीकडे बसवली आणि मालकांचं ऐकून घेतलं. घरात तर अबोलाच. 'भाजी उरलीय', 'दूध आलं', 'दार लावून घे', ह्यापलीकडे सासूबाई बोलत नव्हत्या. माफी मागायचं तिच्या रोज ओठांवर यायचं. पण सांगायचं म्हटलं की शेठचा विषय निघणार, शेठचा निघाला की शेठला आणणाऱ्याचा निघणार, आणि त्याचा विषय दोघींनी कधी एकमेकींसमोर काढलाच नव्हता. एकीनं रडायला लागावं आणि दुसरीला आवरता येऊ नये, ह्याची दोघींना धास्ती.

रविवारी सकाळी ती टबातलं पाणी बदलत होती. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"एक बोलू? रागावणार नसशील तर."

"बोला ना, आई."

"हा आजारी आहे असं मला वाटत नाही."

सासूबाई टबाच्या कडेला बसल्या, गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. "माझी नजर अधू आहे, पण दिवसभर मीच बघते ना ह्याला. अगं, हे दाणे गालावर आहेत आणि ह्या पुढच्या परांच्या कडेला. इकडे जेवढे तेवढेच तिकडे. पोटावर नाही, पाठीवर नाही, शेपटीवर नाही. दुखणं असं शिस्तीत बसतं का कुठे?" मग त्या टबाकडे बघतच म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या. कानात, डोक्यात, जिभेवर, जिथे जागा मिळेल तिथे. आणि अंथरुणावरून मान उचलत नव्हता. हा बघ, तुझं बोट खायचं तेवढं बाकी ठेवलंय ह्यानं."

तिनं भिंग लावलं. खरंच तसं होतं. इतके दिवस ती दाणेच बघत होती. ते कुठे आहेत आणि कुठे नाहीत, हे तिनं बघितलंच नव्हतं.

"मग शेठला काय झालंय?"

"ते मला काय ठाऊक? पण एकत्र होते तेव्हा हा त्याच्या मागे मागे असायचा. पोटाला ढुशा द्यायचा. मला वाटलं, खेळतोय."

"काकांना प्रत्यक्षच दाखवून येते."

"मी पण येते," सासूबाई म्हणाल्या.

तिनं चमकून पाहिलं. दोन वर्षांत त्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यापलीकडे कुठे गेल्या नव्हत्या.

झाकणाच्या मोठ्या डब्यात पाणी घेऊन मासा त्यात घातला. बसमध्ये डबा सासूबाईंनी स्वतःच्या मांडीवर घेतला. खड्डा आला की त्या डब्यासकट वर उचलल्या जायच्या आणि "सांभाळ रे बाबा," असं डब्याला सांगायच्या. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय आहे डब्यात?"

"पेशंट," सासूबाई म्हणाल्या.

दुकानात काकांनी मासा काचेच्या लहान भांड्यात घेतला आणि चष्मा नाकावर चढवला. चष्मा लगेच एका बाजूला कलंडला.

"आधी तो चष्मा द्या इकडे," ती म्हणाली. किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवलेल्या छोट्या पेचकसानं तिनं काडीचा स्क्रू आवळला, फ्रेम डोळ्यांसमोर धरून सरळ केली आणि परत दिली. काकांनी भांडं उजेडाकडे धरलं. तिचं भिंग मागून घेतलं. भांडं हळूहळू फिरवलं, एक गाल, दुसरा गाल, मग पर. सासूबाई श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या, डॉक्टरच्या तोंडाकडे बघतात तशा.

काका हसायला लागले.

"ताई, फोटोवरून फसलो मी. ह्याला काहीसुद्धा झालेलं नाही. नर आहे हा. वयात आलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे ह्याला मिसरूड फुटलंय म्हणा ना! गोल्डफिशच्या नराला मोसम आला की गालांवर आणि परांच्या कडेला असे दाणे येतात. मोसम संपला की जातात. रोगाचे ठिपके अंगभर पसरतात, मासा दगडाला अंग घासतो, पर मिटून बसतो. ह्याचे पर बघा कसे ताठ आहेत! उगाच त्या बिचाऱ्याला निळ्या पाण्यात बुडवून ठेवलं आपण."

"पण आमचा मोठा खरंच आजारी आहे," ती म्हणाली. "पोट फुगलंय. कोपऱ्यात लपतो. नीट खात नाही."

"खवले उभे राहिलेत? वरून बघितलं तर कणसासारखा फुललेला दिसतो?"

"नाही. अंग गुळगुळीत आहे. एका बाजूनंच फुगलाय."

"आणि हा त्याच्या मागे होता? पोटाला ढुशा देत?"

"हो," सासूबाई पुढे झाल्या. "मी बघितलंय."

"मावशी," काका म्हणाले, "तुमचा मोठा मोठा नाही. मोठी आहे. अंड्यांवर आलीय."

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं.

"शेठ?" त्या म्हणाल्या. "शेठ बाई आहे?"

तिच्या तोंडून हसू फुटलं. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला, पण हसणं पदरात मावेना. "अगं बाई! इतकी वर्षं शेठ, शेठ, शेठ! आणि ती मुकाट ऐकून घेतेय! वसुलीला येतेय!" त्या दुकानातल्या स्टुलावर बसल्याच. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत दोघी हसल्या. काकाही हसत होते. "तुमच्या मुलालाही मी तेव्हा ओळखून देऊ शकलो नसतो हो मावशी. लहानपणी कुणालाच कळत नाही."

"थांब, आधी त्याला सांगते," सासूबाई हसता हसता म्हणाल्या, "तो तर आता..."

टाक्यांमधले बुडबुडे तेवढे वाजत राहिले. काकांनी मान खाली घातली आणि मासा पुन्हा डब्यात सोडायला घेतला.

तिनं सासूबाईंचा हात धरला. "खूप हसला असता ना, आई?"

"जमिनीवर लोळला असता," सासूबाई म्हणाल्या.

परतीच्या बसला गर्दी नव्हती. दोघी खिडकीपाशी बसल्या. पहिला थांबा गेल्यावर ती म्हणाली, "आई, त्या दिवशी मी ओरडले. तसं बोलायला नको होतं मी."

"ओरडलीस ते बरं झालं."

"बरं?"

"दोन वर्षं नुसतं 'हो आई', 'बरं आई', 'तुम्ही म्हणाल तसं आई'. घरात पाहुणी असल्यासारखी वागतेस. पाहुणी म्हटली की एक दिवस बॅग भरणारच. मला रोज वाटायचं, आज सांगेल, उद्या सांगेल." सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. "तुझं वय काय आहे! माहेर आहे. तुला बांधून ठेवणारं ह्या घरात आहे काय? एक म्हातारी आणि एक मासा. त्यातला मासा पण मीच मारला असं वाटलं मला. म्हटलं, झालं, आता ही जाणार."

ती म्हणाली, "पाहुणी तर तुम्ही झालाय. भाजीत मीठ जास्त पडलं तरी काही म्हणत नाही."

"जास्तच पडतं तुझं."

"मग सांगायचं ना!"

"आता सांगत जाईन. रोज सांगेन. मग बोलू नकोस."

"आणि मला कुठे जायचं असेल तर मी पण सांगेन. मनातल्या मनात बॅगा भरत बसू नका माझ्या."

सासूबाईंनी मान हलवली. डबा त्यांनी एका हातानं सांभाळला आणि दुसऱ्या हातानं सुनेच्या गुडघ्यावर थोपटलं, झोपवायचं असल्यासारखं, घर येईपर्यंत.

संध्याकाळी नवरदेवाला मोठ्या टाकीत सोडलं. सकाळी टाकीत नुसता दंगा उसळला होता. पाणी काचेबाहेर उडत होतं. शेठ पुढे, हा मागे, वनस्पती उपटून वर आलेली. थोड्या वेळानं सगळं शांत झालं आणि पानापानांवर मोहरीहून बारीक, काचेच्या मण्यांसारखी अंडी चिकटलेली दिसली. पाठोपाठ दोघे आईबाप ती मटकवायला लागले.

"अगं अगं, खातेय बघ ही बया!" सासूबाई ओरडल्या. दोघींनी धावपळ करून वाचतील तेवढी पानं उथळ काचेच्या भांड्यात काढली. काकांना फोन केला. काका म्हणाले, पाण्याला ऊन लागू देऊ नका, आणि जी अंडी पांढरी पडतील ती लगेच काढून टाका, नाहीतर त्यांची बुरशी चांगल्यांना धरते.

दुसऱ्या दिवशी ती कामावर जायला निघाली, तेव्हा सासूबाई टेबलाशी बसल्या होत्या. भांडं पुढ्यात होतं. डोळ्यांवर चष्मा, त्यावर सुनेचं भिंग, आणि उजव्या हातात कापूस गुंडाळलेली काडी. एकेका पानावरून त्यांची नजर सरकत होती. पांढरं पडलेलं अंडं दिसलं की त्या काडी टेकवून ते अलगद उचलत, शेजारच्या तुळतुळीत बशीत ठेवत आणि पुढे सरकत. घाई नव्हती.

त्यांना वाटलं, सून गेली. त्या आपल्याशीच बोलत होत्या.

"हे गेलं," बशीत ठेवताना त्या म्हणाल्या. "हे आहे. हे गेलं."

ती चपला हातात धरून दारातच उभी राहिली.

"हे आहे," सासूबाई म्हणत होत्या. "हे पण आहे."